पंचविसाव्या नावापाशी

मी वेब ॲप्लिकेशन्स बनवतो. जळगावात हे वाक्य बोललं की समोरचा माणूस क्षणभर आदराने बघतो आणि मग विचारतो, म्हणजे झेरॉक्स पण काढता का? काढतो. बसस्टँडमागच्या बोळात पहिल्या मजल्यावर माझी एक खोली आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि खालच्या डाळीच्या दुकानातून वर येणारा तुरीचा भुसा. त्या भुशात बसून मी वीस वर्षं लोकांचे अर्ज भरले, दाखले काढले आणि मधल्या वेळात स्वतःला इंजिनिअर समजत आलो.

त्या वर्षी मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की बायको आधी गॅस बंद करते, मग ऐकते. धुळ्याला नर्सिंगचं एक कॉलेज आहे. तिथे निवडीची यादी लागली की सातपुड्याच्या पायथ्यापासून पोरी आणि त्यांचे बाप धुळ्याला जाऊन कॉलेजचा फळा बघून यायचे. एक दिवस मोडायचा. नाव नसलं तर तो दिवस दुप्पट मोडायचा. कॉलेजने यादी आपल्या वेबसाईटवरही टाकायला सुरुवात केली होती, पण ती उघडणार कोण? मी म्हटलं, मी उघडतो. माझ्या ॲप्लिकेशनमध्ये अर्जाचा नंबर टाकायचा, माझं मशीन धुळ्याच्या त्या पत्त्यावर जाणार, यादी मागणार, आलेलं उत्तर वाचणार आणि नाव आहे की नाही ते सांगणार. मी जाहिरातही छापली: आता धुळ्याच्या चकरा बंद.

गेल्या वर्षीच्या यादीवर चालवून बघितलं तेव्हा ते झकास चाललं. यादीतल्या पहिल्या नावाचा नंबर टाकला, सापडला. मधला टाकला, सापडला. पडद्यावर दिसणाऱ्या शेवटच्या, पंचविसाव्या नावाचा टाकला, तोही सापडला. मग खोट्याची परीक्षा म्हणून मी स्वतःचा आधार नंबर टाकला. मशीनने नम्रपणे कळवलं की माझी नर्सिंगला निवड झालेली नाही. त्या उत्तराने मी इतका खूश झालो की संध्याकाळी घरी शेवभाजी नेली. नाव नसलेल्यांसाठी मी खास मजकूर केला होता: ‘क्षमस्व, आपले नाव यादीत नाही’, आणि खाली जोडलेले दोन हात. त्या हातांचा रंग ठरवायला मला दोन दिवस लागले होते. उत्तर पूर्ण वाचलं गेलं की नाही, हे बघायला मी दोन मिनिटंही दिली नव्हती.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी आईला घेऊन आली. सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याकडची, बारावी झालेली. तिचा अर्ज मीच भरला होता. तिच्याकडे मोबाईल नव्हता म्हणून अर्जात मामाचा नंबर टाकला होता, साधा बटणांचा फोन. मी नंबर टाकला, मशीन धुळ्याला जाऊन आलं आणि जोडलेले हात दिसले. मी पडदा तिच्याकडे वळवला. मला वाटलं, रंग तिलाही आवडेल.

तिने ते वाचलं. मग हळूच म्हणाली, “भाऊ, अजून एकदा पाहता का?”

मी हसलो. आजही मी त्या हसण्याला फार भितो. मी म्हटलं, “अगं, हे मशीन आहे. दोनदा विचारलं म्हणून उत्तर बदलत नाही.” तरी तिच्या समाधानासाठी बटण परत दाबलं. उत्तर बदललं नाही. त्या बाबतीत मी खरं बोललो होतो.

 जाताना आईने पायरीवर थांबून मुलीच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली, एवढंच मला आठवतं.

त्यानंतर आठ-नऊ दिवस मी चांगलाच तोऱ्यात होतो. नऊ जणींनी माझ्याकडे चौकशी केली, नऊ जणींना मी जोडलेले हात दाखवले. नऊच्या नऊ जणींना नकार कसा काय, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला वाटलं, यंदा स्पर्धा फार आहे.

शनिवार होता. बायको प्राथमिक शाळेत शिकवते, शनिवारी तिची सकाळची शाळा असते. अकराच्या सुमाराला ती खोलीवर आली आणि मी हातातलं काम संपवेपर्यंत स्टुलावर बसून राहिली. मी तिला मागे कधीतरी कॉलेजचा तो पत्ता कौतुकाने पाठवला होता. तो तिने फोनवर उघडला आणि अंगठ्याने यादी वर सरकवत बसली. नुसता वेळ घालवायला. थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, तुम्ही तर पंचवीस म्हणाला होतात. इथे साठ जणी आहेत.”

मी मान वर न करता म्हटलं, पंचवीसच आहेत, माझं मशीन रोज वाचतं.

“मग मशीनला सांगा, खाली एक बाण आहे, तो दाबला की पुढचं पान येतं.”

मी तिचा फोन घेतला. पंचविसाव्या नावाच्या खाली, करड्या रंगात, बारीक टिकलीएवढा एक बाण होता.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरच्या पत्त्यावरून उत्तर मागवलं की ते येतं, पण सगळं एकदम येतंच असं नाही. मोठी यादी असली की ती पानापानाने येते. पहिल्या पानाच्या शेवटी लिहिलेलं असतं की पुढचं पान अमुक ठिकाणी आहे, ते मागवा. हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. फक्त मी तिथवर गेलो नव्हतो. उत्तर आलं, नीट आलं, नावं दिसली. पंचविसाव्या नावापाशी मी वाचणं थांबवलं आणि तेच जगाचं टोक आहे असं मशीनला शिकवलं. यादी गुणांच्या क्रमाने होती, त्यामुळे पहिल्या पंचवीस हुशार पोरींना माझ्याकडे यायची गरजच पडली नव्हती. माझ्याकडे आल्या त्या धाकधूक असलेल्या.

मी तिन्ही पानं उघडली आणि नऊ नंबर हाताने शोधले.  आठ जणी खरोखरच यादीत नव्हत्या. एक होती. अडतिसावी. आईने पायरीवर जिची ओढणी सारखी केली होती ती.

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. निवड झालेल्यांनी मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायची शेवटची मुदत. ती त्याच दिवशी संध्याकाळी पाचची होती. त्यानंतर जागा रद्द.

घड्याळात साडेअकराला पाच कमी होते. मी मामाचा नंबर लावला. संपर्काबाहेर. परत लावला. बायकोने तिच्या फोनवरून लावला. वीस-बावीस वेळा लावल्यावर तो लागला आणि मामा निवांतपणे म्हणाला की भाची आणि बहीण घरी नाहीत, आठवड्यापासून एरंडोलकडे कापूस वेचायला गेल्यात, सगळी टोळीच गेली आहे. कोणाच्या शेतात? ते माहीत नाही. त्यांच्याजवळ फोन? “फोन त हाऊच शे,” मामा म्हणाला, “मन्हा हातमा.” पद्मालयाच्या रस्त्याला कुठेतरी, एवढंच तो सांगू शकला. मी त्याला विनवून सांगितलं की आज फोन हातातच ठेवा. तो म्हणाला, आताच म्हटलं ना, हातातच आहे.

मला गाडी हायवेवर चालवायची भीती वाटते. हे मी कोणाला सांगत नाही, गुडघ्याचं कारण देतो. त्या दिवशी बायकोने माझ्या हातात स्कूटरची किल्ली दिली आणि गुडघ्याची चौकशी केली नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे बाजूने जात होते आणि मी एरंडोलपर्यंत एकच वाक्य मोठ्याने पाठ करत गेलो: चूक सर्व्हरची होती. दोन-तीन वेळा म्हटल्यावर ते मला पटायलाही लागलं.

पद्मालयाच्या रस्त्याला लागलो आणि कळलं की पत्ता शोधणं म्हणजे काय. दोन्ही बाजूंना कापूस. प्रत्येक शेतात कमरेला ओटी बांधलेल्या, डोक्याला फडकं गुंडाळलेल्या बाया वाकलेल्या. सगळ्या सारख्या. मी बांधावर स्कूटर टाकली आणि ढेकळांतून चालत सुटलो. पायात ऑफिसची चप्पल. पहिल्या शेतात विचारलं, चोपड्याकडची टोळी आहे का. त्या म्हणाल्या, नाही. दुसऱ्या शेतात एका म्हातारीने विचारलं, कोणाला शोधतोस? मी म्हटलं, एका मुलीला. ती कंबर सरळ करून माझ्याकडे नीट बघत म्हणाली, “ह्या वयमा?”

सगळ्या ओळी हसल्या. मीही हसलो असतो, पण सव्वा वाजला होता.

म्हातारी मग जरा मऊ झाली. मुलगी दिसायला कशी आहे, विचारलं. आणि मला सांगता येईना. मला तिचे बारावीचे टक्के माहीत होते. जातीच्या दाखल्याचा नंबर माहीत होता, रक्तगट माहीत होता, बँकेच्या खात्याचे शेवटचे चार आकडे माहीत होते. ती उंच होती की ठेंगणी, हे मला आठवत नव्हतं. दोनदा माझ्यासमोर बसून गेलेली पोर, आणि मी दोन्ही वेळा पडद्याकडे बघत होतो. शेवटी फोनमध्ये अर्जावरचा फोटो होता तो काढून दाखवला. फोटो हातोहात फिरला. कोणीच ओळखलं नाही.

पाच शेतं झाली. सहाव्या शेताच्या बांधावर मला आपण रडतोय असं जाणवलं. चाळिशी ओलांडलेला माणूस कापसाच्या शेतात रडत उभा आहे हे दृश्य दुरून कसं दिसत असेल, हाही विचार मनात आला. मी असाच आहे, बुडतानाही आपण कसे दिसतो हे बघणारा. सातव्या शेतात एका बाईने फोटो जवळ धरला आणि म्हणाली, ही तर लिंबाच्या पलीकडच्या वावरात आहे, काल माझ्याशेजारीच वेचत होती.

मी धावलो. लिंबाच्या झाडाखाली पाण्याचे हंडे होते आणि पुढे ओळीत चार-पाच जणी. मी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली आणि मला लगेच ओळखलं. तिला माझा चेहरा आठवत होता.

आईही उठून आली. मी दम खात सुरुवात केली की सर्व्हर जो असतो तो उत्तर टप्प्याटप्प्याने देतो, आणि काही वेळा तांत्रिक कारणाने. आईने मला तिथेच थांबवलं. म्हणाली, “नाव शे का नही?”

“आहे.”

“मंग तू नही काबर म्हना?”

हायवेवर पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण तिच्या हाताच्या बोटांना बोंडांनी पडलेल्या चिरा दिसत होत्या, आणि त्या हातासमोर सर्व्हर हा शब्द उच्चारवेना. मी म्हटलं, “यादीचं पहिलंच पान वाचलं मी. पुढची पानं पाहिली नाहीत.”

 मला वाटलं होतं ती शिवी देईल. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “आते बठ्ठी वाची ना?”

मी म्हटलं, हो, सगळी वाचली. मग आज पाचपर्यंत धुळ्याला पोचायचं आहे हे सांगितलं.

 मुलीने कमरेची ओटी सोडली, त्यातला कापूस आईच्या गाठोड्यावर ओतला आणि लिंबाकडे पळाली. तिथे कपड्यांच्या पिशवीत तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल होती. मूळ कागदपत्रं. मी आश्चर्याने विचारलं की इथे कशी? आई म्हणाली, घरी उंदीर आहेत.

स्कूटरवर तिघं बसलो. मध्ये आई, मागे मुलगी, पुढे मी आणि माझी भीती. धुळ्यापर्यंत स्कूटरने जायचं माझ्याने होणार नव्हतं, आणि ते मी पहिल्यांदाच मोठ्याने कबूल केलं. एरंडोलच्या स्टँडवर गाडी टाकली. तीनच्या सुमाराला धुळ्याची बस मिळाली. आईला आणि मुलीला जागा मिळाली, मी उभा राहिलो. मला उभंच राहायचं होतं.

पारोळा मागे पडल्यावर मुलीने पहिल्यांदा मला प्रश्न विचारला. कितवा नंबर? मी म्हटलं, अडतिसावा. ती खिडकीतून बघत राहिली, ओठ हलत होते. मग म्हणाली, “अजून किती जणींचं नाव वाचलं नव्हतं?”

मी सांगितलं की तिच्या एकटीचंच. बाकी आठ जणी खरंच यादीत नाहीत.

“त्यांना फोन केला का?”

मी म्हटलं, कशाला, त्यांचं नाव नाहीच तर सांगायचं काय?

“परत पाहिलं म्हणून सांगा,” ती म्हणाली. “मला आठ दिवस रोज वाटत होतं, परत पाहायला पाहिजे होतं.”

मी बसमध्ये उभ्याउभ्या आठ फोन लावले. पाच लागले. एकीच्या बापाने मला विचारलं की नाव नाही हे दोनदा सांगायची ही कोणती नवी पद्धत. मी माफी मागितली. कंडक्टर माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता.

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती. रिक्षावाल्याने आमच्याकडे बघून आपणहून गाडी जोरात घेतली. कॉलेजच्या आवारात शिरलो, खिडकी शोधली. खिडकीमागे एक मॅडम होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवराआवर चाललेली. घड्याळात दहा कमी. मॅडमनी फाईल घेतली, कागद भराभर लावले आणि म्हणाल्या, सगळं ठीक आहे, आता मोबाईलवर नंबर येईल तो सांगा.

कोणत्या मोबाईलवर, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. अर्जात मामाचा नंबर मीच टाकला होता. अर्ज भरताना मुलीने विचारलं होतं की भाऊ, तुमचा टाकता का, आणि मी म्हटलं होतं, मी कुठे प्रत्येकीचे मेसेज वाचत बसू.

मामाचा फोन चौथ्या वेळी लागला. मी स्पीकर सुरू करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मामा म्हणाला की तो रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसला आहे, सकाळपासून फोन हातात आहे. मी म्हटलं, आत्ता आलेला मेसेज वाचा. त्याने वाचायला घेतलं, एकेक अक्षर लावत. रिचार्जची जाहिरात. मी म्हटलं, दुसरा. पुन्हा रिचार्ज. मी म्हटलं, मामा, सगळ्यात नवा, वरचा. पण त्याच्या फोनात कोणता वर आणि कोणता खाली ते त्यालाही कळत नव्हतं. तो हाताशी आला तो वाचू लागला.

“अभिनंदन. आपली निवड झाली आहे. मूळ कागदपत्रांसह,” मामा वाचत होता. थांबला. “हाऊ त मागल्या आठवड्याना शे.”

 मॅडमनी चष्मा काढला. मुलगी त्या फोनकडे बघत होती. आईला शब्द सगळे कळले नसावेत, पण तिने मुलीचा दंड धरला.

मामाच्या आवाजात पहिल्यांदा घाई आली. मेसेज तर रोज येतात, म्हणाला, कोण उघडून बघतं. मग एकदम सहा आकडे म्हटले. मॅडमनी ते टाकले. मशीन थोडा वेळ फिरत राहिलं आणि पडद्यावर आलं की मुदत संपली आहे. पाच वाजून चार मिनिटं.

मॅडमनी पुन्हा टाकून बघितलं. मी त्यांना सांगणार होतो की दोनदा टाकलं म्हणून काही बदलत नाही. नाही सांगितलं.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी माणूस म्हणून फार खाली गेलो. मी मॅडमच्या पाया पडायला निघालो, खिडकी आडवी आली. प्राचार्यांना बोलवा म्हटलं, ते नव्हते. माझी ओळख आहे म्हणालो, ओळख कोणाशी ते सांगता आलं नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे केला. अर्ज लिहा, म्हणाल्या, का उशीर झाला ते लिहा. मी सोमवारी वर पाठवते, पुढचं माझ्या हातात नाही.

अर्ज लिहिणं हा तर माझा धंदा. मी झरझर लिहिलं: काही अपरिहार्य तांत्रिक अडचणींमुळे सदर विद्यार्थिनीस निवडीची माहिती वेळेत प्राप्त होऊ शकली नाही. मॅडमनी वाचलं, कागद परत माझ्याकडे सरकवला. विचारलं, “अडचण कोणाची?”

मी पेनला टोपण लावलं.

“नाव लिहा.”

म्हणून दुसऱ्या कागदावर मी लिहिलं की मी, अमुक, राहणार जळगाव, या मुलीला नाव नाही असं सांगितलं, यादीचं पहिलंच पान वाचून सांगितलं, तिने परत बघा म्हटलं तेव्हाही पुढचं पान बघितलं नाही, तिची यात काही चूक नाही. चार ओळी. वीस वर्षांत लोकांसाठी हजारो अर्ज लिहिले असतील, पण इतके कमी शब्द असलेला आणि इतका वेळ खाल्लेला दुसरा आठवत नाही. खाली सही केली. मुलीने तो वाचायला मागितला. शेवटपर्यंत वाचला, उलटून मागची बाजू कोरी आहे ना तेही बघितलं, आणि मॅडमकडे दिला.

पुढचे दहा-बारा दिवस मी त्या पत्त्यावर इतक्या वेळा गेलो असेन की धुळ्याच्या त्या मशीनने मला ओळखायला हरकत नव्हती. हाताने जायचो, ॲप्लिकेशन बंद केलं होतं. पहिलं पान, दुसरं, तिसरं, बाण पुसट होऊन दबेनासा होईपर्यंत. जेवताना, आंघोळीला पाणी काढून ठेवल्यावर, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. काही बदलत नव्हतं. बायको एकदा म्हणाली की अहो, आता जेवा. मग तिनेच ताटात भाकरी वाढून स्वतःच्या फोनवर बघितलं.

बातमी मला त्या पत्त्यावरून कळलीच नाही. मुलीचा फोन आला, अनोळखी नंबरवरून. ती धुळ्याला स्वतः गेली होती, एकटी, तिसऱ्यांदा. मधल्या दोन खेपांचा मला पत्ताच नव्हता. तिने खिडकीवर विचारलं, फळा वाचला, परत खिडकीवर विचारलं.

“जागा मिळाली,” ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. खाली डाळीच्या दुकानातला माणूस वर बघू लागला, म्हणजे माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असणार. मी अभिनंदन करायला लागलो तर ती म्हणाली की होस्टेल नाही मिळालं. त्या शनिवारी पाचपर्यंत ज्या हजर झाल्या त्यांच्यात होस्टेलच्या खोल्या वाटून झाल्या. आता वर्षभर रिकामी होणार नाही.

तिने ते तक्रारीसारखं सांगितलं नाही. भाव विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं. फोन ठेवायला निघाली होती. मीच म्हटलं, थांब.

रविवारी मी आणि बायको धुळ्याला गेलो. मुलगी आईला घेऊन स्टँडवर उभी होती. कॉलेजपासून चालत जाता येईल अशी खोली हवी होती, एकट्या मुलीला ठेवणारी. आम्ही चौघांनी तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. दोन ठिकाणी घरमालकांनी गाव विचारलं आणि मग त्यांना खोली आधीच गेली असल्याचं आठवलं. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारी बाई होती, दवाखान्यातून निवृत्त झालेली, घरात एकटीच. तिने मुलीला आत घेतलं, पाणी दिलं, कोणत्या वर्षाला आहेस विचारलं. आईशी बोलली. आपण कोण ते बायकोने सांगितलं, शाळेत शिकवते म्हणाली. मग म्हातारीने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, हे कोण हिचे? मामा का?

मी घसा साफ केला. माझ्याकडे तीन-चार उत्तरं तयार होती. हितचिंतक होतं, मार्गदर्शक होतं, भावासारखाच हेही होतं. मी कोणतं चांगलं दिसेल ते निवडत होतो.

“यांनीच माझं नाव वाचलं नव्हतं,” मुलगी म्हणाली.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. तिला काही कळलं असेल असं वाटत नाही, पण तिने जास्त विचारलंही नाही. पलंग एका माणसाला उचलत नाही, म्हणाली, मागच्या खोलीतून पुढे आणायचा आहे, या इकडे, धरा.

मी चपला काढल्या आणि आत गेलो.